बसायला जागा आहे का?

नोव्हेंबर ते मार्च हा बहरीनमधल्या मराठी घरांत आई-बाबांचा मोसम. भाजणी, मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन ते व्हिजिट व्हिसावर येतात. पहिल्या आठवड्यात बाब अल बहरीन होतं, किल्ला होतो, कॉजवेवर जाऊन सौदीच्या दिशेनं बघून येणं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून आपण कामावर, मुलं शाळेत आणि ती दोघं सीफमधल्या बाराव्या मजल्याच्या खिडकीत. मग एखाद्या संध्याकाळी बाबा "खाली एक चक्कर मारून येतो" म्हणून उतरतात आणि पंधरा मिनिटांत परत येतात. एवढ्यात कसे आलात, असं विचारलं तर "असंच" म्हणतात. गुडघा बोलायला लागला होता आणि टेकायला कुठे जागा नव्हती, हे सांगणं त्या पिढीला कमीपणाचं वाटतं.

माझं काम नेमकं या टेकण्याच्या जागेशी संबंधित आहे. रस्ता आखणारे वेगळे, इमारत बांधणारे वेगळे. मधल्या पट्ट्यात काय ठेवायचं, कुठे ठेवायचं आणि किती अंतरावर, हे नकाशावर आणणाऱ्या मंडळींपैकी मी एक. बाक, दिव्याचा खांब, कचराकुंडी, झाडाच्या बुंध्याभोवतीची जाळी, गाडी पदपथावर चढू नये म्हणून रोवलेले खुंट, बसथांब्याचं छत, पिण्याच्या पाण्याचा नळ, दिशा दाखवणारी पाटी. या सगळ्याला धंद्यात 'स्ट्रीट फर्निचर' म्हणतात. रस्त्याचं फर्निचर म्हटलं की लोक हसतात. पण घरात खुर्ची नसेल तर पाहुणा उभ्या उभ्याच निघून जातो, तसंच रस्त्याचंही आहे. मराठी वर्तमानपत्रांत हा शब्द ठळक अक्षरांत आला तो २०२३ मध्ये, मुंबई महापालिकेची २६३ कोटींची स्ट्रीट फर्निचरची खरेदी वादात सापडली आणि शेवटी रद्द झाली तेव्हा. त्या गदारोळात पैशांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण बाकं कुठे ठेवायची आणि कोणासाठी, हे विचारणारे मला तरी फार कमी दिसले.

सीफ हा बहरीनचा तरुण भाग. अरबीत सीफ म्हणजे किनारा, आणि आज ज्याला आपण सीफ म्हणतो त्यातली बरीचशी जमीन समुद्रात भर घालून तयार झालेली आहे. १९९७ मध्ये सीफ मॉल सुरू झाला, २००८ मध्ये सिटी सेंटर आलं, आणि भोवती टॉवर उठत गेले. शेजारी करबाबाद, खजुराच्या झावळ्यांच्या टोपल्या विणणाऱ्यांचं जुनं गाव. त्यापलीकडे हजारो वर्षांच्या वस्तीच्या थरांवर उभा असलेला किल्ला, २००५ पासून जागतिक वारसा यादीत असलेला. या दोन जुन्या शेजाऱ्यांच्या मानानं सीफचा स्वभाव अगदी वेगळा. रुंद रस्ते, मोठे सिग्नल, इमारतींच्या पोटात पार्किंग, आणि मध्ये मध्ये रिकाम्या प्लॉटांची वाळू. मोटारीत बसलेल्या माणसाचा विचार इथे पुष्कळ झालेला आहे.

चालायला मग आपण मॉलमध्ये जातो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फरशी सपाट, उजेड भरपूर, दर थोड्या अंतरावर बैठक, पाणी, स्वच्छतागृह, जिथे जायचं तिथली पाटी. खरं सांगायचं तर चांगल्या पदपथाला जे जे लागतं ते सगळं मॉलवाल्यांनी नीट अभ्यास करून दिलेलं आहे, आणि जुलैमध्ये त्याला पर्याय नाही. पण मॉलला दारं असतात आणि ती बंद होण्याची वेळ असते. तिथे दोन तास नुसतं बसून राहिलेल्या माणसाला, त्याला कोणी काही बोललं नाही तरी, आपण काहीतरी विकत घ्यायला हवं होतं असं वाटत राहतं. आणि सीफमध्ये खरोखर पायी चालणारे जे लोक आहेत, सफाईवाले, घरकामाच्या बायका, सुरक्षारक्षक, बसची वाट बघणारे, ते विसाव्यासाठी मॉलमध्ये शिरत नाहीत. ते पदपथाच्या कडेवर बसतात, पाय रस्त्यावर सोडून.

बाक कसं असावं यावर पुस्तकं आहेत, पण आजीला बसवून बघितलं की बहुतेक उत्तरं मिळतात. बैठकीची उंची साधारण ४५ सेंटीमीटर. त्याहून खाली गेलं की बसणं सोपं आणि उठणं कठीण. पाठ टेकायला हवी. हात टेकायलाही हवे, कारण उठताना माणूस हातांवर जोर देतो. बैठकीखाली मोकळी जागा हवी, कारण उठताना टाचा मागे घ्याव्या लागतात. गुळगुळीत दगडाचा भरीव ठोकळा छायाचित्रात सुंदर दिसतो आणि सत्तरीच्या माणसाला त्यावरून उठता येत नाही. बाजूला ९० सेंटीमीटर जागा रिकामी ठेवली की चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडी तिथे उभी राहते आणि आजोबा, नातू एका रांगेत बसतात. दोन बाकं समोरासमोर ठेवली तर अनोळखी माणसं अवघडतात. काटकोनात ठेवली की बोलायचं असेल तर बोलता येतं, नसेल तर समुद्राकडे बघता येतं.

अंतराचा हिशेबही साधा आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत वर्दळीच्या पायवाटेवर दर ५० मीटरला बसायची सोय असावी असं म्हटलंय. कारण काठी घेऊन चालणाऱ्याला त्यापलीकडे थांबावंच लागतं. आपल्याकडच्या इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथावर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच इतकी जागा पूर्ण मोकळी सोडायला सांगितली आहे. म्हणजे बाक, खांब, कुंडी, झाड हे सगळं त्या मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एका ओळीत. नियम वाचायला सोपा आहे. पण विजेचं खातं खांब एका वर्षी लावतं, टेलिफोनची पेटी दुसऱ्या वर्षी येते, जाहिरातीचा फलक तिसऱ्या वर्षी, आणि प्रत्येक जण आपल्यापुरती जागा बघतो. शेवटी चालणारा माणूस खो-खोतल्या गड्यासारखा खांबांमधून वाट काढतो. खुंटांचंही तसंच: दोन खुंटांत मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवलं तर मोटार अडते आणि चाकाची खुर्ची जाते; ते कमी केलं की मोटारीबरोबर खुर्चीही अडते.

बहरीनमध्ये मात्र या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे सावली. उघड्यावर काम करणाऱ्यांना इथे कडक उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ कामावर लावायला कायद्याने बंदी आहे, यावरून ऊन किती ते कळावं. धातूचं बाक अशा उन्हात तापल्या तव्यासारखं होतं, कारण धातू आपली उष्णता कातडीला झपाट्यानं देतो. लाकूड तेवढंच तापलं तरी हाताला सोसतं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री नऊ वाजताही गरम असतं. म्हणून लाकडाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये हवा जायला फटी, आणि वर सावली. थंड फवाऱ्यांचा उपाय अनेकांना सुचतो. तो कोरड्या हवेत छान चालतो, पण ऑगस्टच्या दमट हवेत घामच वाळत नाही तिथे फवारा काय वाळणार.

सावली कुठे पाडायची हे भूमितीचं काम आहे. बहरीन २६ अंश उत्तरेला. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, डिसेंबरमध्ये तो ४० अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे डोक्यावरचं सपाट छत जूनच्या दुपारी उपयोगी, पण संध्याकाळी पाचला, लोक खरोखर बाहेर पडतात तेव्हा, ऊन पश्चिमेकडून तिरपं छताखाली शिरतं. तिथे उभी जाळी किंवा झाड हवं. गंमत अशी की सीफमध्ये सावली फुकट उपलब्ध आहे. प्रत्येक टॉवरच्या पूर्वेच्या अंगाला दुपारनंतर लांबलचक सावली पडते. त्या बाजूला बाकं ठेवायची आणि उत्तर-पश्चिमेचा शमाल वारा अडणार नाही एवढं बघायचं, की अर्धं काम झालं. हे समजायला संगणक लागत नाही; तीन वाजता रस्त्यावर उभं राहून खडूनं सावलीची रेघ मारली तरी पुरतं. पण आराखडा थंड खोलीत होतो, आणि मग बाकं पश्चिमेला समान अंतरावर, अगदी शिस्तीत, उन्हात बसतात.

झाडांचा विषय काढला की खजूर आठवतो. तो इथला मान आहे, पण सावलीच्या बाबतीत कंजूष. कोनोकार्पस झपाट्यानं वाढतो म्हणून आखातभर लावला गेला, आणि त्याच्या मुळांनी नळ आणि फरशा उचकटल्या. आपला कडुनिंब इथे चांगला रुजतो. सिद्र म्हणजे बोरीची बहीण. आणि ज्याला इथे गाफ म्हणतात ती म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करायची तीच. वाळवंटात खोल मुळं सोडून कमी पाण्यावर जगते आणि खाली विरळ, हलती सावली देते. बहरीनने २०३५ पर्यंत झाडांची संख्या १८ लाखांवरून ३६ लाखांवर न्यायचं ठरवलंय. त्यातली काही हजार बाकांच्या शेजारी आली तर आकड्याला अर्थ येईल.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर एका शुक्रवारी मुहर्रकला जाऊन या. सीफहून गाडीनं जेमतेम अर्धा तास. मोत्यांच्या व्यापारावर उभं राहिलेलं हे जुनं शहर. त्याची कहाणी सांगणारा 'पर्लिंग पाथ' २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. दक्षिण टोकाच्या बू माहिर किल्ल्यापासून गल्ल्यांमधून साडेतीन किलोमीटरची ही पायवाट. शेखा मै बिंत मोहम्मद अल खलिफा यांच्या पुढाकारानं ते काम उभं राहिलं आणि २०१९ मध्ये मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पर्यटक तिथे मोठ्या व्यापाऱ्यांची घरं बघतात. मी घरांच्या मधल्या जागा बघायला जातो.

जुनी घरं पडून गल्ल्यांत जे रिकामे कोपरे झाले होते, जिथे गाड्या आणि राडारोडा पडायचा, तिथे ब्रसेल्सच्या ऑफिस केजीडीव्हीएस या वास्तुकारांनी आणि बास स्मेट्स या उद्यानरचनाकारांनी छोटे छोटे चौक केले. चौक कसले, अंगणंच. थोडी झाडं, झाडांभोवती बैठक, आणि पायाखाली सलग फरशी. वाट चुकू नये म्हणून जे दिव्याचे खांब लावलेत ते टेराझोचे, म्हणजे आपल्या जुन्या चाळींतल्या ठिपक्यांच्या मोझॅइक फरशीसारखे, पण त्यात शिंपल्यांचे तुकडे मिसळलेले. आणि वर मोत्यासारखा पांढरा गोल दिवा. पाटी वाचता न येणाराही एका मोत्यापासून दुसऱ्या मोत्यापर्यंत चालत जातो. बाजाराच्या तोंडाशी स्विस वास्तुकार व्हालेरिओ ओल्जाती यांनी दहा मीटर उंचीवर तांबूस काँक्रीटचं प्रचंड छत उभं केलंय. आत प्रदर्शन आहे, पण छताचं मुख्य काम सावली. त्याखाली मुलं खेळतात.

मला यातलं सगळं पटतं असं नाही. काही ठिकाणची बैठक वर म्हटलेल्या भरीव ठोकळ्याच्या जातीची आहे, पाठ टेकता येत नाही. पण संध्याकाळच्या नमाजानंतर तिथे गेलात तर एका बाजूला बहरीनी म्हातारे, दुसऱ्या बाजूला बंगाली कामगार, मध्ये सायकलवाली पोरं, असं दृश्य दिसतं. या देशात इतकी वेगवेगळी माणसं एका चौकात, खिशाला हात न लावता बसलेली मी क्वचित बघतो.

त्यांनी हे बाहेरून आणलं असं मात्र समजू नका. जुन्या अरबी घराच्या भिंतीला लागून बाहेर ओटा असायचा, त्याला दक्का म्हणतात. संध्याकाळी पुरुषमाणसं तिथे बसायची. आणि घराबाहेर, मशिदीबाहेर वाटसरूंसाठी ठेवलेलं पाणी म्हणजे सबील. आजही गल्लीत स्टीलचा थंड पाण्याचा कूलर आणि साखळीला बांधलेला पेला दिसतो, तो तीच. आपण याला ओटा आणि पाणपोई म्हणतो. मुंबईत मशीद बंदरच्या भात बाजारात १८७६ ची केशवजी नायक पाणपोई आहे, घड्याळाच्या मनोऱ्यासकट. ओझेवाल्या हमालांच्या भागात पाणी द्यायचं, तर ते दगडी कोरीव कामातून द्यावं, असं त्या काळच्या दात्याला वाटलं. शेजारच्या मल्याळी कुटुंबाला 'चुमडुतांगी' विचारा. डोक्यावरचं ओझं कोणाच्या मदतीशिवाय उतरवता आणि परत घेता यावं म्हणून रस्त्याच्या कडेला माणसाच्या उंचीवर आडवा ठेवलेला दगड. याहून नेमकं स्ट्रीट फर्निचर मी तरी कुठल्या कॅटलॉगमध्ये बघितलेलं नाही.

आणि कट्टा! शिवाजी पार्कचं मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्याभोवतीची सव्वा किलोमीटरच्या आसपासची बुटकी भिंत ही माझ्या मते महाराष्ट्रातलं सर्वांत यशस्वी बाक आहे. कोणी त्याला बाक म्हणून बांधलेलं नाही. मैदानाची हद्द म्हणून बांधली, उंची नेमकी बसण्याची निघाली, वर झाडं होती, समोर खेळ होता.  इथे जन्मलेली आपली मुलंही मित्रांच्या ग्रुपला 'कट्टा' नाव देतात, कट्ट्यावर कधी न बसता.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर २०१७ च्या सुमारास पदपथ रुंद करून बाकं, झाडांभोवती पार, लहान मुलांची खेळणी ठेवली तेव्हा खूप टीका झाली. गाड्या कुठे लावायच्या, हा प्रश्न. मी गेलो तेव्हा बाकांवर जागा मिळत नव्हती. २०२१ पासून तिथे ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात आणि लक्ष्मी रस्त्यावर त्या दिवशी वाहनं नसतात. एक दिवस म्हणजे काय, असं म्हणता येईल. पण ज्या रस्त्यावर आपल्या आईनं आयुष्यभर जीव मुठीत धरून साड्या घेतल्या, तिथे मधोमध चालायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

"बाकं ठेवली की नको ते लोक येऊन बसतात," हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकतो. मुंबईत, दुबईत, इथे. त्यातूनच झोपता येऊ नये म्हणून मध्ये दांडे घातलेली बाकं येतात. २०१८ मध्ये फोर्टमधल्या एका बँकेनं दारापुढच्या पायरीवर खिळे बसवले होते, लोक ओरडले तेव्हा काढले. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट या अभ्यासकानं १९७० च्या दशकात चौकांचं वर्षानुवर्षं चित्रीकरण केलं. त्याला दिसलं ते असं, की नकोशा माणसाला हुसकायला म्हणून बैठक काढली की आधी बाकीचेच निघून जातात. जिथे खूप जण बसतात तिथे कोणालाच कोणाची भीती वाटत नाही. १९७५ मध्ये त्या शहरानं नियमच बदलला: खासगी इमारतीपुढच्या चौकात किती क्षेत्रफळामागे किती लांबीची बैठक, हे लिहून टाकलं. सीफमध्ये टॉवरांच्या पुढच्या शोभेच्या जागा बघितल्या की मला हा नियम आठवतो. संगमरवर आहे, कारंजं आहे, कुंड्या आहेत. कुंडीचा कठडा वीस सेंटीमीटर रुंद केला असता तर माणूस टेकला असता.

आता संधी आहे. बहरीन मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात २० स्थानकं आखलेली आहेत आणि एक मार्ग विमानतळाकडून सीफकडे येतो. मेट्रोतून उतरलेला प्रत्येक जण पादचारीच असतो. स्थानकापासून घरापर्यंतच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला सावली नसेल तर तो पुन्हा गाडीच काढेल. तो अर्धा किलोमीटर म्हणजे दर ५० मीटरला एक याप्रमाणे दहा बाकं, तीस-चाळीस झाडं, चार-पाच मीटर उंचीचे दिवे (दहा मीटरचे खांब मोटारींसाठी असतात, त्यांच्या उजेडात समोरच्याचा चेहरा दिसत नाही), पाण्याचे दोन नळ आणि पदपथावरून उतरायला उतार.

तोवर मंडळातल्या मंडळींनी करण्यासारखं एक काम आहे. सरकारची 'तवासुल' ही सूचना आणि तक्रारींची सोय आपल्यालाही वापरता येते. "सीफमध्ये बाकं हवीत" एवढंच लिहिलं तर उत्तर गोलमाल येणार. आई-बाबांबरोबर एकदा घरापासून समुद्रापर्यंत किंवा मॉलपर्यंत चालत जा. ते जिथे थांबतात ती जागा फोनच्या नकाशावर खूण करून ठेवा. पदपथ कुठे संपतो, कुठली पायरी उंच आहे, रस्ता ओलांडायला सिग्नल किती सेकंद मिळतो, हे टिपा. मग त्या नेमक्या ठिकाणासाठी एक बाक मागा. शेजारी कुठल्या इमारतीची सावली पडते तेही लिहा, आणि फोटो दुपारी चारच्या सुमारास काढा. रात्रीच्या फोटोत सावली दिसत नाही.